गाई, बैल आणि चार अंकांचे गुपित

लोकलच्या गर्दीत बुद्धिबळाचा पट मांडता येत नाही. पत्ते पिसायलाही थोडी जागा लागते. पण वहीचे एक पान आणि पेन्सिलीचा तुकडा एवढ्यावर खेळता येईल असा एक उत्तम खेळ आहे. कुर्ल्याहून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत समोरासमोर बसलेले दोघे तो घाटकोपर येईपर्यंत शिकतील आणि ठाणे येईपर्यंत एखादा डाव पुराही करतील. खेळ दोघांचा आहे; त्यात फासे नाहीत, पत्ते नाहीत. असतो तो फक्त तर्क.

विद्यार्थी मित्रांनो, हा खेळ कसा खेळायचा हे तर आपण पाहणारच आहोत. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रश्न कसा विचारावा हे हा खेळ शिकवतो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला आणि रोगाचे निदान करणाऱ्या डॉक्टरला रोज हेच करावे लागते.

खेळाचे नियम

दोघांपैकी एक जण 'लपवणारा' आणि दुसरा 'शोधणारा'. लपवणाऱ्याने ० ते ९ यांपैकी चार वेगवेगळे अंक घेऊन एक संख्या मनात धरायची आणि ती कागदाच्या कोपऱ्यात लिहून कोपरा दुमडून ठेवायचा. सुरुवातीला शून्य आले तरी चालेल; मात्र कोणताही अंक दोनदा येता कामा नये.

शोधणाऱ्याने चार वेगवेगळ्या अंकांची एखादी संख्या सांगायची. लपवणाऱ्याने तिला उत्तर द्यायचे ते असे : अंक बरोबर आणि जागाही बरोबर असेल तर एक 'बैल', अंक बरोबर पण जागा चुकीची असेल तर एक 'गाय'. कोणता अंक बैल आणि कोणता गाय हे मात्र सांगायचे नाही, फक्त मोजणी सांगायची. उदाहरणार्थ, गुपित ५८२० असेल आणि शोधणाऱ्याने ५२९१ विचारले, तर ५ हा बैल आणि २ ही गाय. उत्तर '१ बैल, १ गाय'. चारही बैल मिळाले की डाव संपला. मग भूमिका बदलायच्या. ज्याला कमी प्रश्न लागले तो जिंकला.

कागदावरचा हा खेळ इंग्लंडमध्ये 'बुल्स अँड काऊज' म्हणजे 'बैल आणि गाई' याच नावाने जुन्या काळापासून माहीत आहे. १९६८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संगणकावर तो खेळता येईल अशी आज्ञावली लिहिली गेली. तिचे नाव होते 'मू', म्हणजे गाईचे हंबरणे! पुढे १९७० मध्ये इस्रायलमधील टपाल व दूरसंचार क्षेत्रातले तज्ज्ञ मॉर्डेकाय मेयरोविट्झ यांनी याच जातीचा पटावरचा खेळ तयार केला. इंग्लंडमधील इन्व्हिक्टा प्लास्टिक्स या कंपनीने तो बाजारात आणला. तोच 'मास्टरमाईंड'. त्यात अंकांऐवजी सहा रंगांच्या खुंट्या असतात. लपवणारा आडोशामागे चार खुंट्या लावतो आणि उत्तरे काळ्या व पांढऱ्या छोट्या खुंट्यांनी देतो. काळी म्हणजे आपला बैल, पांढरी म्हणजे गाय. फरक एवढाच की मास्टरमाईंडमध्ये एकच रंग पुन्हा वापरता येतो.

एक डाव प्रत्यक्ष खेळू

गुपिते किती असू शकतात? पहिल्या जागी दहा अंकांपैकी कोणताही, दुसऱ्या जागी उरलेल्या नऊंपैकी एक, मग आठ, मग सात. १० × ९ × ८ × ७ = ५०४०. म्हणजे पाच हजार चाळीस संख्यांच्या गर्दीतून आपल्याला एक नेमकी संख्या शोधायची आहे. एकेक विचारत बसलो तर वहीची पाने संपतील.

पहिला प्रश्न : ०१२३. पहिल्या वेळी काहीच माहीत नसल्यामुळे कोणतेही चार अंक घेतले तरी सारखेच. समजा उत्तर आले : १ बैल, गाय नाही.

आता किती संख्या उरल्या ते मोजू. बैल झालेला अंक ०, १, २, ३ यांपैकी कोणताही एक, म्हणजे चार शक्यता. उरलेल्या तीन जागी ४ ते ९ या सहा अंकांमधून तीन अंक, म्हणजे ६ × ५ × ४ = १२० प्रकार. ४ × १२० = ४८०. एकाच प्रश्नाने ५०४० च्या ४८० झाल्या!

येथे क्षणभर थांबा. या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'काहीच नाही' असे आले असते तर? नवखा खेळाडू अशा वेळी हिरमुसतो. पण गोठा रिकामा निघाला याचा अर्थ गुपित ४ ते ९ या सहाच अंकांतून बनले आहे. ६ × ५ × ४ × ३ = ३६० एवढ्याच संख्या उरल्या असत्या, म्हणजे बैल मिळाल्यावर उरल्या त्याहूनही कमी! उलट 'फक्त १ गाय' या उत्तराने मात्र १४४० संख्या शिल्लक राहतात. तेव्हा उत्तर गोड लागते की कडू, यावर त्याची किंमत ठरत नाही; त्याने किती शक्यता बाद झाल्या, यावर ठरते.

दुसरा प्रश्न : ४५६७. हे चारही अंक नवे आहेत. समजा उत्तर आले : बैल नाही, ३ गाई.

पहिल्या प्रश्नात एक अंक मिळाला होता, येथे तीन मिळाले. झाले की चार! म्हणजे ८ आणि ९ यांचा प्रश्न न विचारताच निकाल लागला. ते गुपितात नाहीत. आता पहिल्या चौकडीतला एक अंक आपल्या जागी पक्का आहे आणि उरलेल्या तीन जागी ४, ५, ६, ७ यांपैकी तीन अंक आहेत. मात्र त्यांतला एकही ४५६७ मधील आपल्या जागेवर नाही. अशी मांडणी प्रत्येक वेळी ११ प्रकारे होते (वहीत करून पाहा). ४ × ११ = ४४. चारशे ऐंशीच्या चव्वेचाळीस झाल्या.

तिसरा प्रश्न : ७१४५. ही संख्या त्या ४४ पैकीच एक आहे, म्हणजे आतापर्यंतच्या दोन्ही उत्तरांशी ती जुळते. समजा उत्तर आले : १ बैल, २ गाई.

तिन्ही उत्तरांशी जुळणाऱ्या संख्या आता फक्त सहा उरतात :

६१७४, ५१७६, ६१५४, ०४७५, ७४५३, ५७४३

प्रत्येक संख्या तिन्ही प्रश्नांशी ताडून पाहा. गाई-बैल बरोबर जमतात की नाही याची खात्री करून घ्या आणि मगच पुढे वाचा.

मुद्दाम चुकीचा प्रश्न

आता चौथा प्रश्न कोणता विचाराल? बहुतेक जण या सहांपैकीच एखादी संख्या विचारतील, कारण ती बरोबर निघण्याचा संभव आहे. समजा ६१५४ विचारली. नशीब असेल तर तीच गुपित निघेल. पण उत्तर 'बैल नाही, २ गाई' असे आले तर? मग गुपित ०४७५ आहे की ५७४३, हे कळायला मार्ग नाही. दोन्ही संख्यांना तेच उत्तर मिळते. अशा वेळी सहावा प्रश्नही लागू शकतो.

त्याऐवजी ५६१३ विचारून पाहा. ही संख्या गुपित असूच शकत नाही. पहिल्या प्रश्नातच ती बाद झाली आहे, कारण ०१२३ शी ताडले तर तिच्यात ३ हा बैल आहे आणि १ ही गायही आहे. आपल्याला तर गाय मिळाली नव्हती. पण सहा संख्यांना या प्रश्नाचे उत्तर काय मिळते ते पाहा :

६१७४ : बैल नाही, २ गाई
५१७६ : १ बैल, २ गाई
६१५४ : बैल नाही, ३ गाई
०४७५ : बैल नाही, १ गाय
७४५३ : १ बैल, १ गाय
५७४३ : २ बैल, गाय नाही

सहा संख्या, सहा वेगवेगळी उत्तरे! उत्तर कोणतेही येवो, गुपित हाती लागलेच. समजा उत्तर आले 'बैल नाही, २ गाई', तर पाचवा प्रश्न ६१७४ आणि चारही बैल.

हिशेब करून पाहिला तर दोन्ही मार्गांनी सरासरी पाचच प्रश्न लागतात. ६१५४ विचारणारा कधी चारांत जिंकेल, कधी त्याला सहा लागतील. ५६१३ विचारणारा चारांत कधीच जिंकणार नाही. पण पाचाच्या पुढेही कधी जाणार नाही. एकाने नशिबाला थोडी जागा ठेवली, दुसऱ्याने ती काढून टाकली. मला दुसऱ्याची रीत अधिक आवडते, कारण त्याला एक मोठी गोष्ट समजली आहे : प्रश्न विचारायचा तो बरोबर ठरण्यासाठी नव्हे, तर माहिती मिळवण्यासाठी.

६१७४ ही संख्या मी सहज निवडलेली नाही. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी शोधलेला हा प्रसिद्ध 'कापरेकर स्थिरांक' आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. फार तर सात वेळा केल्यावर ६१७४ येते आणि तेथेच थांबते : ७६४१ − १४६७ = ६१७४. कागद-पेन्सिलीखेरीज दुसरे कोणतेही साधन न वापरता हा शोध लागला.

उत्तम प्रश्न कोणता?

आपल्या खेळात एका प्रश्नाला किती वेगवेगळी उत्तरे येऊ शकतात? मोजून पाहा : चौदा. (३ बैल आणि १ गाय हे उत्तर कधीच येऊ शकत नाही. का, ते तुम्हीच शोधा.) प्रत्येक प्रश्न म्हणजे जणू चौदा कप्प्यांची पेटी. शिल्लक संख्या त्या कप्प्यांत वाटल्या जातात आणि उत्तर मिळाले की एक कप्पा आपल्याजवळ राहतो, बाकीचे फेकून द्यायचे. सगळ्या संख्या एकाच कप्प्यात गेल्या तर प्रश्न फुकट गेला. त्या जितक्या सारख्या वाटल्या जातील तितका प्रश्न चांगला.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७ मध्ये हाच विचार मास्टरमाईंडला लावला. तेथे एकूण शक्यता ६ × ६ × ६ × ६ = १२९६. पहिल्याच प्रश्नात चारही खुंट्या एकाच रंगाच्या लावल्या, तर एका कप्प्यात ५ × ५ × ५ × ५ = ६२५ शक्यता पडतात, म्हणजे जवळजवळ निम्म्या! चारही रंग वेगळे घेतले तर सर्वांत मोठ्या कप्प्यात ३१२ येतात. पण दोन खुंट्या एका रंगाच्या आणि दोन दुसऱ्या रंगाच्या लावल्या, तर सर्वांत मोठा कप्पा २५६ चा होतो. क्नुथ यांची रीत सोपी आहे : प्रत्येक वेळी असा प्रश्न निवडायचा की ज्याचा सर्वांत मोठा कप्पा सर्वांत लहान असेल. म्हणजे नशिबाने कितीही दगा दिला तरी नुकसान कमीत कमी. या रीतीने कोणतेही गुपित जास्तीत जास्त पाच प्रश्नांत सापडते हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या दहा अंकांच्या खेळात ५०४० शक्यता आहेत. तेथे सर्वोत्तम रीतीने खेळल्यास सात प्रश्न नेहमी पुरतात, असे संगणकाने तपासून दिसले आहे.

खेळाबाहेरचे गाई-बैल

गणपतीच्या आराशीत एकसर जोडणीची ६४ दिव्यांची माळ लावली आहे आणि एक दिवा गेल्यामुळे सगळी माळ बंद पडली आहे. एकेक दिवा काढून तपासणारा मनुष्य ६३ वेळा खटपट करू शकतो. पण माळ विजेपासून पूर्ण सोडवून, मधोमध दोन भाग पाडून, कोणत्या अर्ध्या भागात मार्ग तुटला आहे हे मल्टिमीटरने पाहिले तर? ६४ चे ३२, मग १६, ८, ४, २, १. सहा तपासण्यांत दिवा सापडतो. येथे प्रश्नाला दोनच उत्तरे आहेत, 'जोडलेले' किंवा 'तुटलेले'. म्हणून कप्पेही दोनच, आणि दोन्ही सारखे असावेत म्हणून मधोमध कापायचे.

याच विचाराने २०२० मध्ये मोठे काम केले. कोविडच्या साथीत तपासण्या अपुऱ्या पडत होत्या. एप्रिल २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, ज्या भागात बाधितांचे प्रमाण कमी आहे तेथे पाच जणांपर्यंतचे नमुने एकत्र करून तपासण्याची मुभा दिली. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत रॉबर्ट डॉर्फमन यांनी ती १९४३ मध्ये मांडली होती. समजा १०० जणांत २ बाधित आहेत. पाच-पाचांचे २० गट केले तर २० तपासण्या झाल्या. फार तर दोन गट बाधित निघतील. त्यांतल्या दहा जणांची वेगवेगळी तपासणी करायची. एकूण ३० तपासण्या, १०० नव्हेत. ज्या ७० तपासण्या वाचल्या त्या दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडतात.

पण हीच रीत १०० पैकी ५० जण बाधित असलेल्या वस्तीत वापरली तर? पाच जणांचा जवळजवळ प्रत्येक गट बाधितच निघेल. उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न आपण वीस वेळा विचारला, असा त्याचा अर्थ. वीस तपासण्या वाया, आणि शंभर पुन्हा करायच्याच. तेव्हा चांगला प्रश्न कोणता हे परिस्थिती पाहून ठरवावे लागते.

कुर्ल्याहून फार दूर नसलेल्या पवईच्या आयआयटीतील संशोधकांनी त्याच वर्षी 'टॅपेस्ट्री' नावाची पद्धत पुढे आणली. तिच्यात प्रत्येकाचा नमुना एकाच नव्हे तर ठरवून दिलेल्या अनेक मिश्रणांत थोडा थोडा घालतात. सगळी मिश्रणे एकाच फेरीत तपासतात आणि कोणती बाधित निघाली यावरून बाधित व्यक्ती गणिताने ओळखतात. ७१४५ ला मिळालेल्या उत्तरावरून आपण गुपिताचे अंक ओळखत होतो, त्याचेच हे भावंड.

एक चुकीची गाय

या खेळात शोधणाऱ्यापेक्षा लपवणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे. त्याने एक गाय कमी मोजली तर शोधणाऱ्याचा सगळा तर्क निर्दोष असूनही डाव फसतो. आणि तो लगेच फसत नाही. दोन-तीन प्रश्नांनंतर असे ध्यानात येते की एकही संख्या सर्व उत्तरांशी जुळत नाही. अशा वेळी वैतागून एखादे उत्तर सोयीस्करपणे विसरू नये. सर्व उत्तरे पुन्हा मोजून घ्यावीत आणि चूक कोठे आहे ते शोधावे.

प्रयोगशाळेतही असेच घडते. निसर्ग खोटी उत्तरे देत नाही. पण ती वाचताना आपण चुकतो, काटा नीट पाहत नाही, आकडा लिहिताना उलटसुलट करतो. आपल्याला हव्या असलेल्या निष्कर्षाशी जुळत नाही म्हणून एखादे निरीक्षण खोडणारा विद्यार्थी आणि न आवडलेली गाय विसरणारा खेळाडू यांत फरक नाही. निरीक्षण खोडायचे नसते. ते पुन्हा घ्यायचे असते.

शिक्षकांसाठी दोन शब्द

हा खेळ वर्गात घेणे सोपे आहे. आठवीच्या वर्गात तीन अंकांचे गुपित घ्यावे; तेथे शक्यता १० × ९ × ८ = ७२० असतात. गुपित दुमडलेल्या कागदावर लिहून एका विद्यार्थ्याकडे द्यावे आणि प्रश्न-उत्तरे फळ्यावर मांडावीत. प्रश्न विचारणाऱ्याने 'हाच प्रश्न का?' याचे कारण सांगितल्याशिवाय प्रश्न मान्य करू नये. एवढी एकच अट घातली की भराभर अंदाज फेकणे बंद होते आणि मुले एकमेकांची कारणे तपासू लागतात. क्रमपर्याय व संचय शिकवायच्या आधी हा तास घेतला तर पुढचा धडा हलका जातो.

तुम्हीच सोडवा

चार वेगवेगळ्या अंकांचे एक गुपित आहे. चार प्रश्न विचारून झाले. उत्तरे अशी आली :

०१२३ : १ बैल, १ गाय
४५६७ : बैल नाही, १ गाय
२१८५ : १ बैल, २ गाई
३९८० : १ बैल, गाय नाही

या चारही उत्तरांशी जुळणारी संख्या एकच आहे. सुरुवात पहिल्या दोन उत्तरांपासून करा. ८ आणि ९ यांच्याबद्दल ती काय सांगतात ते आधी पाहा. मग शेवटच्या उत्तराकडे वळा.

उत्तर बरोबर आले की नाही हे कोणाला विचारायची गरज नाही. आलेली संख्या हे एक इसवी सन आहे. त्या वर्षी ३ फेब्रुवारी या दिवशी भारतातली विजेवर चालणारी पहिली आगगाडी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने निघून कुर्ल्याला पोहोचली. इतिहासाच्या पुस्तकात ते वर्ष पाहा आणि आपले गाई-बैल जुळले का ते ताडून घ्या.